जवळा आणि चुन्याची रेघ

माणसं माणसांवर जळतात. शेजारणीच्या साडीवर, जावेच्या मिक्सरवर, मैत्रिणीच्या टक्क्यांवर. मी जळले ती एका गल्लीवर. वाशीतल्या एका सेक्टरमधली, दोन्ही बाजूंना गुलमोहर असलेली, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा दूधवाला ओळखू यावा एवढीशी गल्ली. इतकी वर्षं झाली, कुणीही म्हणेल, सोड ना बाई आता. नाही सोडत. दिवाळीचे कंदील उतरले, हवेला कोरडा गारवा आला आणि कुठून तरी सुकत्या जवळ्याचा वास आला, की माझं पुन्हा सुरू होतं.

परवा तसंच झालं. उलव्यातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत उभी होते. खालच्या मजल्यावरच्या वहिनी नाकाला ओढणी लावून वर बघत म्हणाल्या, "अहो, कुणी काय सुकवलंय? मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतेय हां." मी म्हटलं, "टाका की." आणि खिडकी आणखी उघडली. जवळा म्हणजे खाडीतली बारीक, करंगळीच्या पेराएवढीही नसलेली कोलंबी. ओली असते तेव्हा नुसता गुलाबी चिखल दिसतो. उन्हात पसरली की दुपारपर्यंत कुरकुरीत होते, आणि वास असा सुटतो की ज्यांना आवडतो त्यांच्या तोंडाला पाणी आणि ज्यांना नाही त्यांचं डोकं धरतं. माझ्या मात्र पायांना काहीतरी होतं. पाय आपोआप पॅडल शोधायला लागतात.

आमचं गाव वाशीच्या सेक्टरांना अगदी खेटून. कोळ्या-आगऱ्यांची घरं, मधून एक डांबरी रस्ता, पलीकडे खाडी. नव्वदीचं दशक तेव्हा मध्यावर आलं होतं. घाऊक बाजार जोरात, आणि बाजारातून हायवेला निघायचा शॉर्टकट नेमका आमच्या दारावरून. कांद्याचे ट्रक, बटाट्याचे ट्रक, आंब्याच्या दिवसांत आंब्याचे. ओटीवर चहा घेऊन बसावं तर बशीतला चहा आपोआप हलायचा. आई म्हणायची, "फुकायची पन गरज नय, टरकच थंड करतंय."

आणि त्याच रस्त्यावर आमच्या बायका जवळा सुकवायच्या. बाहेरची माणसं हसायची, रस्त्यावर काय मासे सुकवता म्हणून. पूर्वी आम्हाला त्यासाठी खळं होतं. शेणानं सारवलेलं, सपाट, चारी बाजूंना दगड लावलेलं, उन्हात असं चमकायचं की डोळे मिटावे लागायचे. मी लहान असताना एक दिवस माणसं आली, टेप धरली, चुन्याची रेघ मारली, आणि त्या रेघेच्या पलीकडचं सगळं शहराचं झालं. खळंही गेलं, त्याच्या मागचं आमचं भाताचं वावरही गेलं. बाबांनी खळ्याच्या कडेचे दगड तेवढे पोत्यात भरून घरी आणले आणि तुळशीभोवती लावले. बाकी काही आणण्यासारखं नव्हतंच.

खळ्याच्या जागी काय झालं? तीच गल्ली. गुलमोहरवाली. आता कळलं का, मी का जळते?

त्या गल्लीत शाहीन राहायची. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. मूळची उरणकडची, घरी कोकणी मुसलमानांची गोड बोली, शाळेत आमच्यासारखीच फटाफट मुंबईची मराठी. तिचे अब्बा मसाल्याचे व्यापारी, त्यामुळे तिच्या दप्तरातून वेलचीचा वास यायचा. माझ्या दप्तरातून कसला यायचा ते सांगायला नको. पोरगी मनानं इतकी चांगली की तिच्यावर नीट रागावताही यायचं नाही, आणि ज्याच्यावर रागावता येत नाही त्याच्यावर जास्त जळायला होतं. नववीच्या सुट्टीत तिला सायकल आली. लाल. लेडीज. पुढे जाळीची टोपली आणि घंटी अशी की वाजवली तर भांडण मिटावं.

आमच्याकडेही सायकल होती. बाबांची काळी, दांडीवाली. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते, रोज तिच्यावरून जायचे. एका संध्याकाळी आमच्याच दारासमोर एका ट्रकचा फाळका त्यांना घासून गेला. हाताचं हाड मोडलं, ते जुळलं, पण कोपर कायमचा वाकडा राहिला. त्या दिवसापासून सायकल पडवीत आकड्याला टांगलेली. मी तिला पुसायची, तेल घालायची, लटकलेल्या सायकलचं चाक हातानं फिरवून तो टिकटिक आवाज ऐकत बसायची. बाबा म्हणायचे, "नुसता आवाज ऐक. रस्त्यावर न्यायची नाय."

दहावीच्या वर्षी हे सगळं अंगाशी आलं. शाळा सकाळची. गणिताचा क्लास दुपार उतरताना, सेक्टरच्या पार दुसऱ्या टोकाला. मला गणितात जे व्हायचं ते होत होतं, सर म्हणाले होते, क्लास लावला नाहीस तर बोर्डात अवघड आहे. चालत जायचं तर क्लास अर्धा संपलेला असायचा, बस त्या बाजूला जात नव्हती, रिक्षा रोज परवडणारी नव्हती. सायकल हवी होती. आणि बाबांची एकच अट होती, "या रस्त्यावरचे ट्रक हळू झाले, त्या दिवशी सायकल तुझी. नायतर क्लास सोड." दहावीला गणित सुटलं की पुढचं काय काय सुटतं हे मला पक्कं माहीत होतं. आजूबाजूला बघितलं तरी दिसायचं. आठवीत शाळा सुटलेल्या माझ्या बरोबरीच्या पोरी टोपल्या घेऊन बाजारात बसत होत्या, आणि त्यांच्या आवाजाला धार आली होती.

आणि नेमकं तेव्हाच बर्वेबाई शाळेत आल्या. पालिका नवीकोरी, नगरसेवक नवेकोरे, बर्वेबाई आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका. चष्मा, कॉटनची साडी, पायात बूट. साडीवर बूट घातलेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते. त्या स्वतः सायकलवर यायच्या. शाळेच्या मैदानात उभं राहून म्हणाल्या, "मुलांनो, रस्ता काही फक्त गाड्यांचा नसतो. चालणाऱ्यांचा असतो, सायकलवाल्यांचा असतो, रस्त्यात थांबून गप्पा मारणाऱ्यांचाही असतो. आपल्या वॉर्डात एका रस्त्यावर प्रयोग करायचाय. गतिरोधक, सायकलला वेगळी पट्टी, दुपारी ट्रक बंद. जमलं तर सगळ्या रस्त्यांवर." मग म्हणाल्या, सुरुवात गावातल्या रस्त्यापासून, कारण तिथे सगळ्यात जास्त गरज आहे.

गावातला रस्ता! म्हणजे आमचा! शाहीननं मला कोपरखळी मारली. "जयू, लकी आहेस यार तू." आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर जळली होती, निदान तेवढ्या मिनिटापुरती. ते मिनिट मी आजही चाखून चाखून खाते.

घरी येऊन मी धाप टाकतच सगळं सांगितलं. स्पीडब्रेकर होणार, मोठा बोर्ड लागणार, बोर्डावर सायकलचं चित्र असणार. बाबांनी आकड्यावरच्या सायकलकडे बघितलं. आई म्हणाली, "बोर्ड लागल तवा बगू." त्या दिवसापासून आई बोर्डाची वाट बघायला लागली. मला नुसतं विचारायची, "आला का गो तुजा बोर्ड?" आम्ही सगळेच बोर्डाची वाट बघत होतो.

बोर्ड नाही आला. आधी आली रेघ.

मी शाळेत होते. आल्यावर बघितलं तर दारासमोर पाणीच पाणी, गटारातून पांढरं दुधासारखं काहीतरी वाहतंय, आई कमरेला पदर खोचून हातात खराटा घेऊन उभी, तिच्या मागे गावातल्या सगळ्या बायका. दोन माणसं आली होती म्हणे. टेप धरली, चुन्यात भिजवलेली दोरी ताणली आणि फाट्कन झटका मारून आमच्या दारासमोरून लांबच लांब पांढरी रेघ ओढली. आई उन्हातला जवळा परतत होती. तिनं विचारलं, "कसली रेघ मारतंव?" ते म्हणाले, "साहेबांना विचारा काकू, आम्हाला सांगितलं तेवढं करतो." झालं. खळ्याच्या वेळीही हेच उत्तर मिळालं होतं. आई जवळ्यावरून उठली. बादली आणली, ओतली, खराटा घेतला. तिचं बघून पलीकडची काकी आली, तिचं बघून सगळ्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ धुऊन काढली. ती दोन माणसं टेप गुंडाळून पळाली. गावात त्या दिवशी दिवाळीसारखं वातावरण. म्हातारे ओट्यावर बसून म्हणत होते, तेव्हा असंच केलं असतं तर खळं वाचलं असतं.

मी दप्तर टाकलं आणि रडायलाच लागले. "आये, ती सायकलची रेघ होती गो! माझ्या सायकलची!"

आईनं खराटा भिंतीला टेकवला. म्हणाली, "मना काय ठाव, सायकलची रेघ पन चुन्याचीच असतं."

तिच्यावर काय म्हणून चिडायचं? तिनं आयुष्यात जेवढ्या चुन्याच्या रेघा पाहिल्या त्या सगळ्यांनी काही ना काही नेलं होतं. एखादी रेघ काही द्यायला येईल हे तिला कुणी सांगितलं होतं? बर्वेबाई शाळेत येऊन बोलल्या, गावात येऊन बोलल्या नाहीत. हे मला आज सुचतंय. तेव्हा मला फक्त एवढंच सुचलं की सायकल गेली.

बाबा दुसऱ्या दिवशी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेले. वाकडा कोपर टेबलावर ठेवून म्हणाले, साहेब, बायकांची चूक झाली, परत मारा रेघ. साहेब भले होते, पण म्हणाले, आता वरून ठरलं, गावाचा विरोध दिसतो, प्रयोग दुसरीकडे करू. दुसरीकडे म्हणजे कुठे? ओळखलंत. जिथं ट्रक फिरकत नव्हता, जिथं दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर मोठी गोष्ट, त्या गुलमोहराच्या गल्लीत!

काय काय केलं म्हणून सांगू त्या गल्लीचं. दोन्ही तोंडांना गतिरोधक, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे. कडेनं पांढरीशुभ्र रेघ, आतली पट्टी सायकलींची. कुंड्या. बाक. आणि तो बोर्ड, निळा, वर पांढरी सायकल रंगवलेली, खाली "शांत रस्ता, वाहने सावकाश". संध्याकाळी तिथं लहान पोरं स्केटिंग करायची, आजोबा लोक हातात हात घालून चालायचे, बायका रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून भाजीचे भाव सांगायच्या. आणि मधून शाहीन. लाल सायकल. ओढणी मागे गाठ मारलेली. ट्रिंग. ट्रिंग. मी क्लासला जायला निघाल्यासारखी निघून तिथंच कोपऱ्यावर उभी राहायची आणि बघायची. पोटात मिरची घातल्यासारखं व्हायचं. हे आमचं खळं आहे, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. इथं माझी आई जवळा परतायची, इथं मी रांगले, आणि इथं आता तू ट्रिंग ट्रिंग करतेस?

शाहीननं मला बघितलं की ब्रेक दाबायची. "जयू, ये ना. घे ना एक चक्कर."

"नको. मला येते."

"येते तर मग घे ना."

"मला दांडीवाली येते. ही पोरींची आहे."

एवढं बोलून मी निघून यायची, आणि रस्ताभर मनातल्या मनात तिची सायकल चालवत यायची. मनातल्या मनात घंटीही वाजवायची.

सेक्टरात गतिरोधक झाले तसे अधूनमधून येणारे टेम्पोवालेही तो रस्ता टाळायला लागले. ते कुठून यायला लागले असतील? आमच्या दारावरून. म्हणजे गल्लीवाल्यांचा रस्ता शांत झाला आणि तिथला आवाज आमच्याकडे आला. आईनं आठवडाभर हे सगळं बघितलं. मी तिच्याशी बोलत नव्हते. बाबा जेवताना म्हणाले, क्लासचं आता सोडून दे, पुढच्या महिन्यात बघू. पुढचा महिना म्हणजे काय असतो हे मला माहीत होतं. ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दारासमोर काहीतरी वेगळं दिसलं. रोज आई जवळा घराला लागून पसरायची, पायरीपाशी. त्या दिवशी तो रस्त्यात पुढे सरकला होता. बराच पुढे. जिथं ती चुन्याची रेघ होती ना, बरोब्बर तिथपर्यंत. बाहेरच्या कडेला ओळीनं दगड मांडलेले. तुळशीभोवतीचे, खळ्याचे. आणि जवळा आणि घरं यांच्यामध्ये एक पट्टी मोकळी सोडलेली, स्वच्छ झाडलेली. फक्त आमच्या दारासमोर नव्हे. काकीच्या, तिच्या पलीकडच्या, गावाच्या शेवटच्या घरापर्यंत, सगळ्या बायकांनी आपापला जवळा तसाच पुढे सरकवला होता. आईनं कधी, कुणाला, काय सांगितलं होतं, देव जाणे.

बाबांची सायकल आकड्यावरून उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेली. आई म्हणाली, "जा आथां. त्यो तुजा रस्ता हाय."

ट्रकवाले? पहिल्या दिवशी एकानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. आई उठली, कमरेवर हात ठेवून बंपरसमोर जाऊन उभी राहिली आणि तिला जमेल त्या हिंदीत म्हणाली, "मच्छी पे चाक डालेगा ना, तो पूरा गाव तेरे टपावर बसेगा!" मागून सगळ्या बायका हसत हसत उठल्या. त्या हसणाऱ्या बायकांना बघून ड्रायव्हर घाबरला. पहिला गिअर टाकला आणि गाडी अशी नेली की बशीतला चहा हलला नाही. दोन-चार दिवसांत बाजारात बातमी पसरली, मच्छीवाल्या गावात हळू. दगडांना लागून, एकामागे एक, वरात निघाल्यासारखे ट्रक जायचे. काही वाटच बदलून गेले. बर्वेबाईंना जे बोर्ड लावून करायचं होतं ते आमच्या बायकांनी ओल्या कोलंबीवर केलं.

मी दांडीखालून पाय घालून कैची मारत निघायची. एका हाताला घरं, एका हाताला गुलाबी जवळा, त्याच्या पलीकडे ट्रकांची चाकं, माझ्या छातीएवढी उंच, गुरगुरत, माझ्याच वेगानं. ओट्यावरच्या म्हाताऱ्या ओरडायच्या, "हँडल सरल धर गो!" पडले की जवळ्यात पडायची आणि काकी आधी जवळा बघायची, मग मला. क्लासला पोचायची तर अंगाला असा वास की सर न बोलता खिडकी उघडायचे. मुलं नाकं दाबायची. शाहीन मात्र शेजारीच बसायची, वेलचीचा वास घेऊन. सांगते ना, तिच्यावर नीट रागावताही यायचं नाही.

म्हणजे मग माझं जळणं थांबलं असेल असं वाटेल. छे! उलट वाढलं. तिची रेघ चुन्याची, माझी माशांची. तिची कायमची, माझी उन्हाची. ढग आले की माझा रस्ता बंद. अमावस्या-पुनवेच्या भरतीचं गणित चुकून जवळा कमी मिळाला की माझा रस्ता निम्मा. तिच्या रस्त्याला बोर्ड होता, उद्घाटनाला नारळ फुटला होता. माझा रस्ता रोज सकाळी मांडायचा आणि रोज संध्याकाळी टोपलीत भरायचा.

संध्याकाळ हीच पंचाईत होती. जवळा ऊन उतरलं की उचलावा लागतो. दंव पडलं की तो मऊ होतो, काळा पडतो, मग भाव येत नाही. आणि थंडीच्या दिवसांत माझा क्लास सुटेपर्यंत ऊन केव्हाच उतरलेलं असायचं. मी परत यायची तेव्हा गावभर बायकांनी आपापला जवळा भरलेला असायचा, रस्ता पुन्हा ट्रकांचा झालेला असायचा. फक्त आमच्या दारासमोरचा जवळा तसाच पसरलेला. दगड तसेच. गावाच्या तोंडापासून मी उतरून भिंतीकडेनं सायकल हातात धरून चालायची, आणि शेवटचा वळणाचा तुकडा, जिथं बाबांना ट्रक घासला होता तो, तेवढा आईनं उघडा ठेवलेला असायचा. ती कडेला बसून असायची. मी आत शिरले की मगच खराटा उचलायची.

काकी तिला ऐकवायची, "खुली झालीस का? दंव परलाय, माल काला परंल." आई म्हणायची, "परूं दे." त्या हिवाळ्यात आमचा जवळा काळाच असायचा. बाजारात लोक आईचा माल बोटानं चिवडून पुढे जायचे. ती घरी येऊन काही सांगायची नाही, मला दुसऱ्यांकडून कळायचं.

एकदा शाहीन माझ्याबरोबर घरापर्यंत आली. अब्बांनी तिला सायकल घेऊन सोडलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदाच. एरवी तिला गल्लीबाहेर सायकल न्यायची परवानगीच नव्हती. या गतिरोधकापासून त्या गतिरोधकापर्यंत, परत फिरायचं, पुन्हा या गतिरोधकापासून त्या गतिरोधकापर्यंत. क्लासला अब्बा स्कूटरवर सोडायचे. हे तिनं मला इतक्या दिवसांत सांगितलं नव्हतं. तिनं आमच्या दारासमोरचा तो काळोखात पसरलेला जवळा बघितला, शेजारी बसलेली आई बघितली. आईनं तिला ओंजळभर कागदात बांधून दिला. जाताना शाहीन म्हणाली, "माझ्यासाठी कोण असं बसेल गं?"

मला जे बरं वाटलं म्हणून सांगू! घरभर नाचावंसं वाटलं. ती जळली! पूर्ण जळली, मिनिटापुरती नाही! मग पाणी प्यायला आत गेले आणि चुलीपाशी आईनं निवडायला काढलेला तो काळा माल बघितला. मग काही नाचले नाही.

गणितात पास झाले. झकास नाही, पास. पण पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न होऊन उलव्याला आले. त्या गल्लीचा प्रयोग यशस्वी ठरला, ती कायमची शांत झाली. आमच्या रस्त्यावर दुसऱ्या वर्षी दुभाजक आला, जवळा रस्त्यावरून उठला तो उठलाच. शाहीन लग्न होऊन परदेशी गेली, तिथं म्हणे घरासमोरून सायकलचा वेगळा रस्ताच जातो. फोनवर तिनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे वा." आणि फोन ठेवून बराच वेळ भांडी आपटली.

तर, परवा त्या वासानं पाय शिवशिवले म्हणून मी माहेरी गेले. आई आता थकलीय. खाडीत जवळा पूर्वीसारखा मिळत नाही, उरणकडून कुणी आणून दिला तर ती गच्चीवर सुकवते, ओंजळ-दोन ओंजळी, सवयीनं. भावाची मुलगी स्वरा दहावीला. तिला गिअरची सायकल. हो, तिच्यावरही जळते, विचारू नका.

सकाळी ओटीवर बसले होते. दोन माणसं आली. हातात टेप. एकानं चुन्याच्या डब्यात दोरी बुडवली.

इतक्या वर्षांत मशीनं आली, रंग आले, पण पहिली रेघ अजून चुन्याचीच. फाट्कन आवाज झाला आणि आमच्या दारासमोरून पांढरी रेघ निघाली, गावाच्या शेवटच्या घरापर्यंत. मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती. माझी नजर कोपऱ्यातल्या खराट्याकडे गेली. आईनं विचारलं, "कसली रेघ?"

त्या दोघांतला एक, पोरगेला इंजिनीअर, थांबला. आमच्या पायरीपर्यंत आला. "आजी, सायकल ट्रॅक होतोय इथं. दुपारी पक्का रंग मारणार. तोवर जरा कुणी पुसू नये एवढं बघाल का?"

एवढंच वाक्य हवं होतं. एवढंच कुणी तेव्हा बोललं असतं तर!

आई आत गेली. मला वाटलं, बसायला गेली असेल. ती तुळशीपाशी वाकली. एकेक दगड उचलायला लागली. खळ्याचे. मी धावले, तिनं हात लावू दिला नाही. एकेक दगड आणून तिनं रेघेच्या बाहेरच्या कडेला मांडला, तसाच, तेवढ्याच अंतरावर. मग खुर्ची मागवली आणि तिथंच बसून राहिली. एक स्कूटरवाला वळवायला आला त्याला म्हणाली, "पलीकरून जा." तो मुकाट्यानं पलीकडून गेला. दुपारी रंगवाले आले, रंग मारून गेले, तरी उठली नाही. वाळेपर्यंत.

ऊन उतरायला लागलं तशी स्वरा सायकल घेऊन आली. हेल्मेट, बूट, सगळं झोकात. "आजी, मी पहिली हां!" म्हणत तिनं चाक रेघेच्या आत घातलं.

आणि माझ्या पोटात तीच मिरची. जशीच्या तशी, एवढ्या वर्षांनी. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी! मी उठले, पदर खोचला आणि हँडल धरलं. "उतर."

"आत्तू? तुला येते?"

"उतर म्हणते ना."

स्वरा तक्रार करायला आजीकडे वळली. आईनं तिच्याकडे बघितलंही नाही. दगडांपलीकडे एक ट्रक सावकाश चालला होता, ती तो जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "जाऊं दे तिला. तिचा नंबर पयला हाय."